लेकरू कोणावर गेले?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, आणि त्यानंतर लिहिणे म्हणजे दुधाचा हिशेब व किराण्याची यादी एवढेच राहिले. दरवर्षी या दिवशी मी चहाची बाजू सांभाळते आणि ती मला बरी जमते. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की, प्रत्येकीने एकेका विषयावर चार शब्द बोलावे. माझ्या वाट्याला 'बाळंतिणीचा आहार' आला होता. मी त्यांना म्हटले, बाळंतिणीविषयीच बोलते, पण डिंकाच्या लाडवांविषयी नको. कशाविषयी ते सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बोला. पण सगळे बोला."

विषय असा : नुकत्या जन्मलेल्या लेकराचा बाप कोण, हे ठरविणारी डीएनए तपासणी.

काही जणी एकमेकींकडे पाहू लागल्या आहेत, ते मला येथून दिसते आहे. आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे की ही गोष्ट कोणत्या घरातली. तरी मी नाव घेणार नाही. त्या मुलीची परवानगी मी मागितली आहे. ती काय म्हणाली ते शेवटी सांगते.

माझ्या चुलत जावेच्या घरी ८ मे २०२३ ला लग्न झाले. सून आर्वीकडची. १२ जानेवारी २०२४ ला, संक्रांतीच्या तोंडावर, तिला मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी मी लेकराला तेल लावायला बसले होते. लेकरू गोरे, आणि डोळे उघडले तर घारे. मी आपली हसत हसत म्हटले, "कोनावर गेलं वं माय हे? आपल्यात तं कोनीच घारं नाही."

एवढेच. चार बायका हसल्या. बाळंतीणही हसली. माझ्या मनात पाप नव्हते, हे मी देवाशपथ सांगते. पण भगिनींनो, मनात पाप नसल्याने बोललेला शब्द परत येत नाही.

तो महिना हळदीकुंकवाचा. रथसप्तमीपर्यंत आपण दहा घरी जातो, तिळगूळ घेतो, 'गोड बोला' म्हणतो. त्या दहा घरी माझे वाक्य माझ्या आधी जाऊन पोचत होते. कोणी बोटावर मोजले : मे ते जानेवारी, आठच महिने. "आठव्या महिन्याचं लेकरू इतकं गुटगुटीत कसं?" पिठाच्या गिरणीवर ते बोलले गेले, तेथून पानठेल्यावर गेले आणि पानठेल्यावरून लेकराच्या बापाच्या कानी पडले. तो बुटीबोरीला कारखान्यात कामाला जातो. पाळीवरून रात्री परत यायचा आणि मोबाईल पाहत पडायचा. त्या मोबाईलवर त्याला एक जाहिरात दिसली, घरबसल्या पितृत्व तपासा म्हणून. पैसे इतके, की आपल्या भागात तेवढ्यात दीड क्विंटल तूर येईल. त्याने ते भरले. टपालाने पाकीट आले. आत कापसाच्या काड्या आणि एक कागद. कागदावर एका रकान्यात 'बालक' आणि दुसऱ्यात 'संशयित पिता' असे छापलेले.

ते पाकीट होळीच्या आधी सुनेला कपाटात त्याच्या शर्टांखाली सापडले. ती ओरडली नाही, रडली नाही. लेकरू उचलले, पिशवी भरली आणि आर्वीच्या एस.टी.त बसली.

दुसऱ्या दिवशी पुतण्या माझ्या ओसरीवर आला. मला वाटले, मला मध्ये पडायला सांगायला आला असेल. तो म्हणाला, "काकू, तुमीच तं म्हटलं होतं. तुमी खोटं काऊन बोलसान?"

भगिनींनो, त्या दिवशी माझ्याकडून भाजी करपली. त्याला उत्तर द्यायला माझ्यापाशी काही नव्हते. तेव्हा मी ठरविले की, ही तपासणी आहे तरी काय आणि कायदा काय म्हणतो, हे आपण समजून घ्यायचे. माझा मुलगा वर्ध्याला बी.एस्सी.ला आहे. त्याने मला चार संध्याकाळी बसवून सांगितले. पहिल्या दोन संध्याकाळी काही कळले नाही. तिसऱ्या दिवशी मी गोधडी शिवत होते, तीच घेऊन तो बोलू लागला तेव्हा उजेड पडला.

तो म्हणाला, आई, माणसाचे शरीर म्हणजे अशी गोधडी समज. प्रत्येक जागी दोन ठिगळे. एक आईच्या लुगड्याचे, एक बापाच्या धोतराचे. प्रयोगशाळेतले लोक सगळी गोधडी उसवत नाहीत. वीसेक ठरलेल्या जागा पाहतात. आईचे ठिगळ ओळखून बाजूला काढतात, आणि उरलेले बापाच्या धोतराशी जुळते का पाहतात. एखादी जागा जुळली नाही तर घाई करीत नाहीत, कारण क्वचित एखादे ठिगळ आपोआप बदलते. पण अनेक जागी जुळले नाही, तर तो बाप नव्हे हे नक्की. सगळीकडे जुळले तर बाप असण्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णव आणि त्यापुढे आणखी नव्वे लागतात. बाप आणि त्याचा जुळा, अगदी सारखा भाऊ, यांत मात्र ही नेहमीची तपासणी फरक करू शकत नाही.

ही युक्ती १९८४ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टर येथील ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाने शोधली. आपल्या देशात ती आणण्यात हैदराबादचे डॉ. लालजी सिंह यांचे मोठे काम आहे. त्याआधी रक्तगट पाहत. पण रक्तगटाने 'हा बाप नाही' एवढे कधी कधी सांगता येई, 'हाच बाप' असे कधीच नाही. आणि त्याही आधी? त्याआधी आपण होतो, तेल लावता लावता नाक-डोळे पाहणाऱ्या.

लेकराचे वय आड येत नाही. जन्मल्या दिवशीही तपासता येते. नाळेचे रक्त चालते, टाचेला टोचून थेंब घेता येतो, नाही तर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात. अंगावर प्यालेल्या लेकराचे तोंड मात्र आधी पुसून काही वेळ थांबावे लागते, नाही तर दुधातून आईच्याच पेशी काडीला लागायच्या. इतकी सोपी गोष्ट आहे. झोपलेल्या लेकराच्या तोंडात काडी फिरवायला किती वेळ लागतो? आईला कळणारही नाही. मला भीती वाटली ती याचीच.

आता घाऱ्या डोळ्यांविषयी. मुलाने मला सांगितले की काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारे लेकरू होऊ शकते. तो गुण दोन-दोन पिढ्या दडून बसतो आणि दोन्हीकडून एकत्र आला की बाहेर पडतो. शिवाय नुकत्या जन्मलेल्या लेकराच्या डोळ्यांचा रंग पुढे कित्येक महिने बदलू शकतो. म्हणजे पाचव्या दिवशी मी जे पाहिले त्याला तसा काही अर्थ नव्हता.

आणि ते आठ महिने! येथे मी जरा सावकाश सांगते, कारण या गावात यावरून ही एकच मुलगी बोलली गेलेली नाही. दवाखान्यातल्या कार्डावर जे आठवडे लिहितात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे कार्डावरच्या नऊ महिन्यांतले पहिले पंधरा दिवस पोटात काही नसतेच. आमच्या सुनेच्या लग्नाला बाळंतपणाच्या दिवशी २४९ दिवस झाले होते. त्यात ते पंधरा दिवस मिळवा. कार्डावर सदतीस आठवडे लिहिलेले होते आणि सदतीस आठवड्यांचे लेकरू अपुऱ्या दिवसांचे धरीत नाहीत. म्हणून ते गुटगुटीत होते. कार्ड त्यांच्या घरी देवळीत ठेवलेले होते. आमच्यातल्या एकीनेही ते उघडून पाहिले नाही, मीही नाही.

एप्रिलमध्ये मी आर्वीकडे गेले. मला कोणी पाठविले नव्हते. तिच्या आईला संधिवाताने उठवत नाही, वडील नाहीत. मी दारात उभी राहून म्हटले की ही आग माझ्या तोंडची आहे. तिने मला बस म्हटले नाही. पाणी मात्र आणून दिले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा लेकरू माझ्या मांडीवर दिले. तिसऱ्यांदा आम्ही दोघी मिळून वर्ध्याला न्यायालयात गेलो.

तेथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. हे आपण सर्वांनी लक्षात ठेवावे : बाईमाणसाला तेथून वकील फुकट मिळतो, नवऱ्याची, बापाची वा तिची मिळकत किती हे विचारीत नाहीत. १९८७ च्या कायद्याने तसे ठरले आहे. आम्हाला एक वकीलबाई मिळाल्या. वयाने लहान, बोलायला रोखठोक.

सुनेने पहिलेच वाक्य असे टाकले, "मॅडम, मीच तपासणी करून घेते. मले कशाची भीती हाय? रिपोर्ट त्याच्या तोंडावर फेकतो."

मलाही ते पटले होते. सीतामाईची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे असेल. वकीलबाई म्हणाल्या, "तुमची परीक्षा तुम्ही खुशाल द्या. पण येथे परीक्षेला बसणार आहे तुमचे चार महिन्यांचे लेकरू. त्याला कोणी विचारले?"

मग त्यांनी कायदा सांगितला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे कलम ११२, म्हणजे दीडशे वर्षांचे. लग्न टिकून असताना जे मूल जन्मते ते त्या नवऱ्याचेच, असे कायदा पक्के धरून चालतो. लग्न मोडल्यावर २८० दिवसांत झाले आणि आईने दुसरे लग्न केले नसेल, तरीही. हे खोडायचे तर नवऱ्याने दाखवावे लागते की त्या काळात दोघे एकमेकांजवळ जाणे शक्यच नव्हते. लग्नानंतर किती महिन्यांनी झाले, हे कायदा विचारीतच नाही! लग्न झालेले आहे ना, मग झाले. ते आमच्या गिरणीवरचे बोटांचे गणित इंग्रजाच्या कायद्यातही नव्हते. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला; त्यात हेच कलम ११६ म्हणून राहिले आहे.

पण वकीलबाईंनी एकच बाजू सांगितली नाही, म्हणून त्या मला आवडल्या. आपल्या शेजारच्या चंद्रपूरचे एक प्रकरण त्यांनी सांगितले. १९९० मध्ये तेथे लग्न झालेले जोडपे. पुढे बायकोने स्वतःसाठी व मुलीसाठी पोटगी मागितली, नवरा म्हणाला मुलगी माझी नाही. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथून तपासणीचा हुकूम झाला. आधी नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत, मग पुन्हा हैदराबादला. दोन्हीकडे उत्तर आले की हा बाप नाही. ६ जानेवारी २०१४ ला निकाल लागला : कायदा जे धरून चालतो ते एक गृहीत आहे आणि विज्ञानाने सत्य समोर आले असताना गृहीताला चिकटून राहता येत नाही. दिलेली पोटगी परत मागायची नाही, पण मुलीची पुढची बंद.

तो माणूस खरे बोलत होता. जे त्याचे नाही त्याचा भार त्याच्यावर का, हेही बरोबरच आहे. पण मला रात्री त्या मुलीचीच आठवण येत राहिली. ज्याला बाप म्हणून कागदोपत्री लिहीत आली तो बाप नव्हे, हे तिला कोणी सांगितले असेल? घरी, शाळेत? निकालपत्रात तेवढे काही लिहिलेले नसते.

मात्र न्यायालये तपासणीचा हुकूम सहज देत नाहीत. पुण्याच्या एका घटस्फोटाच्या खटल्यात खालच्या कोर्टाने व उच्च न्यायालयाने मुलाची तपासणी करायला सांगितली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२३ ला ती रद्द केली. नवरा-बायकोच्या भांडणात मुलाला सोंगटीसारखे पुढे करू नये, त्यालाही त्याची अब्रू आहे, असा त्याचा आशय. आणि गेल्या वर्षी, १ जुलै २०२५ ला, नागपूर खंडपीठाने तसेच एक प्रकरण निकाली काढले : नवऱ्याला बायकोचा संशय आहे एवढ्यावर मुलाची तपासणी करता येणार नाही. ती बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा मी कात्रण काढून ठेवले. ते आज बरोबर आणले आहे, ज्यांना पाहायचे त्यांनी पाहावे.

मूल स्वतः मोठे होऊन मागते, ती गोष्ट निराळी. उत्तर प्रदेश व उत्तराखंडचे मुख्यमंत्री राहिलेले नारायण दत्त तिवारी यांच्यावर रोहित शेखर नावाच्या तरुणाने दावा लावला, की हे माझे वडील. तिवारी रक्त द्यायला तयार नव्हते. शेवटी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने घ्यायला लावले, आणि २७ जुलै २०१२ ला उघडलेल्या अहवालात तेच वडील निघाले. तेथे विचारणारा स्वतः लेकरूच होता.

आणखी एक गोष्ट सांगते, नाही तर आपण म्हणाल की ही बाई तपासणीला नावेच ठेवते. आसामात मंगलदै येथे मार्च २०१५ मध्ये एकाच दिवशी दोन बायका सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्या. एक मुसलमान घरातली, एक बोडो. घरी आल्यावर पहिलीला सारखे वाटू लागले की हे लेकरू आपले नव्हे. चेहरा त्या दुसऱ्या बाईचा आहे. कोणी ऐकेना. पण तिच्या नवऱ्याने ऐकले. त्याने माहितीच्या अधिकारात त्या दिवशीच्या जन्मांची यादी मिळविली, डीएनए तपासला, आणि खरोखरच लेकरांची अदलाबदल झाली होती. तेथे नाकाडोळ्यांवरून ओळखणारी आईच बरोबर ठरली. पण हे सगळे होईतो लेकरे जवळजवळ तीन वर्षांची झाली होती. २०१८ मध्ये कोर्टात अदलाबदलीचा दिवस आला, तेव्हा दोन्ही मुले आपापल्या वाढविलेल्या आईला बिलगून रडू लागली. दोन्ही घरांनी मिळून ठरविले की, जेथे आहेत तेथेच राहू द्या. म्हणून दवाखान्यात लेकराच्या मनगटाला किंवा पायाला जो नंबराचा पट्टा बांधतात तो आईच्या पट्ट्याशी जुळवून पाहायला शिका. मी सासूबायांना सांगते आहे, कारण आई तेव्हा शुद्धीवर असेलच असे नाही.

आता त्या पाकिटाचे. वकीलबाई म्हणाल्या की, असा चोरून घेतलेला नमुना कोर्टात फारसा उपयोगी नाही. काडी कोणाच्या तोंडातली, कोणी घेतली, कोणासमोर घेतली, हे कोण सिद्ध करणार? म्हणजे दीड क्विंटल तुरीच्या भावात एक कागद मिळणार, जो न्यायाच्या कामाचा नाही, घर मोडायच्या कामाचा मात्र पुरेपूर.

पण भगिनींनो, हे सगळे कायदे ऐकून पुतण्या बदलला असे समजू नका. मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "हो काकू", आणि तसाच बसून राहिला. तेव्हा मला कळले की, शंका कायद्याने जात नाही. तपासणीने तरी जाते का, कोण जाणे. आज लेकराची तपासली, उद्या बायकोचा मोबाईल तपासेल.

बदल झाला तो दिवाळीत, आणि अगदी भलत्याच कारणाने. माझी जाऊ, म्हणजे त्याची आई, या सगळ्या महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती. आम्ही दोघी करंज्या करीत होतो. मी सहज म्हटले की, कोठून आले असतील लेकराचे डोळे. ती सारण भरता भरता म्हणाली, "माह्या आजीचे डोये घारेच होते. मांजरासारखे."

माझ्या हातातली लाटी तशीच राहिली. मी म्हटले, "अवं, मंग इतके दिवस बोलली काऊन नाही?"

"मले इचारलं कोनं?"

यावर काय बोलावे? मला तिचा राग आला, आणि रागवायचा हक्क मला नव्हता. चाळीस वर्षे ती त्या घरात आहे. तिच्या माहेरचे कोणी कसे दिसत होते, हे त्या घरात कोणी कधी विचारलेच नव्हते. मुलगा 'आपल्यात' कोणावर गेला हे सगळे पाहत होते, आणि त्या 'आपल्यात' ती धरलीच जात नव्हती. माझ्या पाचवीच्या वाक्यातही नव्हती.

पुतण्या दारात उभा होता. त्याने ऐकले. भाऊबीज झाल्यावर तो मोटारसायकलवर आर्वीकडे गेला. सुनेने त्याला एकच अट घातली होती, ती मला नंतर कळली. तपासणी करायची असेल तर कोर्टात अर्ज कर, तिघांचीही होऊ दे; पण उत्तर तुझ्या बाजूने आले तरी मी परत येणार नाही. त्याने ते पाकीट बरोबर नेले होते. न उघडता तिच्या हाती दिले. तिने ते अजून जपून ठेवले आहे, फाडलेले नाही. का ठेवले ते मी विचारलेले नाही.

ती आज येथे नाही. मंडळात ये म्हणून मी दोनदा म्हटले, ती हसून दुसरे काही बोलते. माझ्याशी बोलणे आहे, पण पूर्वीसारखे नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाषणाआधी मी तिला विचारायला गेले की, ही गोष्ट सांगू का. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "सांगा ना काकूजी. पन माह्यं नाव नका घेऊ. तुमचं घ्या."

म्हणून मी आज उभी राहिले आणि माझे घेतले.

लेकरू या संक्रांतीला दोन वर्षांचे झाले. डोळे अजून घारेच आहेत. परवा आमच्या ओळीत आणखी एक बाळंतपण झाले, पाचवीला मला बोलावणे आले. मी तेलाची वाटी घेऊन बसले. लेकराच्या अंगावरचे फडके काढले तशा सगळ्या जणी गप्प होऊन माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. मी विचारले, वजन किती भरले?

दोन किलो आठशे.